२२१ डावांत एकदा : एक्क्यांच्या जोडीचा हिशेब

टेक्सास होल्डेम पोकरमध्ये हातातली दोन्ही पाने एक्के निघण्याची शक्यता २२१ मध्ये १, म्हणजे ०.४५ टक्के असते. नऊ जणांच्या टेबलावर, डीलर हाताने पाने वाटत असताना, तासाला २५ ते ३० डाव होतात. तासाला २५ धरले, तर २२१ डावांना ८ तास ५० मिनिटे लागतात. मोठ्या स्पर्धेतला एक दिवस सुमारे १० तासांचा, म्हणजे २५० डावांचा. दिवसभर टिकून राहणाऱ्याच्या वाट्याला एक्क्यांची जोडी सरासरी १.१ वेळा येते.

या सरासरीच्या पोटातली वाटणी पाहू. १०० खेळाडू प्रत्येकी २५० डाव खेळले, तर त्यांपैकी सुमारे ३२ जणांना एक्क्यांची जोडी दिवसभरात एकदाही दिसत नाही. ३७ जणांना ती एकदा दिसते, २१ जणांना दोनदा, आणि उरलेल्या १०-११ जणांना तीन किंवा अधिक वेळा. ‘आज पानेच आली नाहीत’ ही संध्याकाळची तक्रार त्यामुळे एक तृतीयांश खेळाडूंच्या बाबतीत शब्दशः खरी असते.

५२ पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे निघतात. त्यांत कोणत्याही एका जोडीचे ६ प्रकार. तेरा जोड्यांचे मिळून ७८, म्हणजे ५.९ टक्के. एक्का-राजा ही जोडगोळी १६ प्रकारे बनते, म्हणजे एक्क्यांची आणि राजांची जोडी मिळून (१२) होतात त्यांहून अधिक. एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढेच ‘भारी हात’ मानले, तर ते ३४ होतात : २.५६ टक्के, ३९ डावांत एकदा. तीन पत्ती खेळणाऱ्यांसाठी मोजमाप सांगायचे तर तिथे कोणताही ट्रेल ४२५ डावांत एकदा लागतो, तीन एक्के ५,५२५ डावांत एकदा. होल्डेमचे भारी हात त्या मानाने नेहमीचे आहेत. तरीही २५ डावांचा एक तास घेतला, तर त्यात या ३४ पैकी एकही हात न येण्याची शक्यता ५२ टक्के भरते. निम्म्याहून अधिक तास कोरडे जातात.

कोरड्या तासाला भाडे पडते. स्पर्धेत प्रत्येक फेरीला खेळाडू पाने पाहण्याआधीच सक्तीने एकदा बिग ब्लाइंड, एकदा त्याच्या निम्मा स्मॉल ब्लाइंड आणि आता सर्रास रूढ झालेली बिग ब्लाइंडएवढी अँटी भरतो. एकूण अडीच बिग ब्लाइंड. नऊ जणांच्या टेबलावर २२१ डाव म्हणजे साडेचोवीस फेऱ्या. त्यांचे भाडे ६१ बिग ब्लाइंड. एक्क्यांच्या एका जोडीची सरासरी किंमत ही. वर सांगितलेल्या ३४ हातांपैकी कोणताही चालत असेल, तर वाट पाहण्याचा खर्च ११ बिग ब्लाइंडवर येतो.

या दोन आकड्यांच्या मध्ये स्पर्धेतले बहुतेक निर्णय असतात. सुरुवातीला ३०० बिग ब्लाइंडचा स्टॅक, म्हणजे चिप्सचा साठा, असेल, तर ६१ हा त्याचा पाचवा हिस्सा झाला, आणि तो परवडतो. स्टॅक १० बिग ब्लाइंडवर आला, की चार फेऱ्यांत, म्हणजे ३६ डावांत, तो संपतो. त्या ३६ डावांत एक्के येण्याची शक्यता १५ टक्के, ३४ हातांपैकी एखादा येण्याची ६१ टक्के. इथे ब्लाइंड मध्येच वाढणार नाही असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तो वाढतोच. म्हणून १० बिग ब्लाइंडवरचा खेळाडू कोणतीही जोडी किंवा कोणताही एक्का घेऊन ऑल-इन जाताना दिसला, तर तो घायकुतीला आलेला नसतो. असे हात २७० आहेत, म्हणजे २०.४ टक्के. पाच डावांत एक. शिवाय सगळ्यांनी फोल्ड केले, तर मधले अडीच बिग ब्लाइंड त्याला पाने न दाखवता मिळतात. १०च्या स्टॅकवर ती २५ टक्के वाढ आहे.

भारतातल्या खेळाडूला हे भाडे अलीकडे अधिक जाणवते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन पोकरचे दुकान बंद झाले. तोवर चार टेबले एकदम उघडून तासाला २८० डाव पाहणारा खेळाडू आता गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत येऊन बसतो आणि तासाला २५ डाव पाहतो. एक्क्यांची जोडी त्याला आधी दर ४७ मिनिटांनी भेटायची. आता त्यासाठी जवळपास नऊ तास लागतात. पानांचे गणित बदललेले नाही, घड्याळाचे बदलले आहे. अशा खेळाडूची पहिली चूक ठरलेली असते : तिसऱ्या तासाला राजा-गुलाम भारी वाटू लागतात.

एवढे भाडे भरून आलेले एक्के जिंकतात किती? समोर कोणतीही पाने घेतलेला एक खेळाडू असेल, तर ८५ टक्के. दोन असतील तर ७३, तीन असतील तर ६४, चार असतील तर ५६, पाच असतील तर ४९. टेबलावरचे उरलेले आठही जण रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या सामाईक पानापर्यंत, थांबले, तर ३५.

या उतरंडीतला विरोधाभास चिप्समध्ये मोजल्यावर दिसतो. प्रत्येकाने एक स्टॅक मध्ये टाकला असे धरू. एकच प्रतिस्पर्धी असेल, तर एक्केवाल्याला दोन स्टॅकच्या ८५ टक्के, म्हणजे सरासरी १.७ स्टॅक मिळतात. निव्वळ नफा ०.७. चार प्रतिस्पर्धी असतील, तर पाच स्टॅकच्या ५६ टक्के, म्हणजे २.८. नफा १.८. गर्दी वाढली की जिंकण्याची शक्यता घटते आणि सरासरी नफा वाढतो. रोख पैशांच्या टेबलावर हा सौदा आनंदाने घ्यावा. हरला, तरी खिशातून पुन्हा चिप्स घेता येतात. स्पर्धेत त्याच सौद्यात ४४ टक्के वेळा खेळाडू घरी जातो.

आणि स्पर्धेत चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट घ्या. प्रवेशशुल्क १०,००० डॉलर. २०२५ मध्ये ९,७३५ प्रवेश आले. २०२४ च्या १०,११२ च्या विक्रमापेक्षा हे ३७७ ने, म्हणजे ३.७ टक्क्यांनी कमी. प्रत्येकाला ६०,००० चिप्स, म्हणजे एकूण ५८ कोटी ४१ लाख. शेवटी त्या सगळ्या विजेत्या मायकल मिझराचीपुढे जमा झाल्या. बक्षिसांची एकूण रक्कम ९ कोटी ५ लाख ३५ हजार ५०० डॉलर होती, विजेत्याला मिळाले १ कोटी. शंभर टक्के चिप्सच्या बदल्यात ११ टक्के पैसे. आदल्या वर्षी पहिले बक्षीस तेवढेच होते आणि एकूण रक्कम मोठी, म्हणून वाटा १०.६ टक्के पडला होता. २००३ मध्ये ८३९ प्रवेश होते आणि ७८ लाख डॉलरपैकी २५ लाख, म्हणजे ३२ टक्के, विजेत्याकडे गेले. बावीस वर्षांत प्रवेश साडेअकरा पटींनी वाढले आणि पहिल्या क्रमांकाचा वाटा एक तृतीयांशावर आला. उरलेले पैसे खाली झिरपले : २०२५ मध्ये १,४६१ जणांना, म्हणजे १५ टक्क्यांना, किमान १५,००० डॉलर मिळाले.

झिरपलेल्या या पैशामुळे जिंकलेल्या चिपची किंमत गमावलेल्या चिपपेक्षा कमी ठरते. स्टॅक दुप्पट झाल्याने अपेक्षित बक्षीस दुप्पट होत नाही. स्टॅक शून्य झाल्याने ते मात्र शून्य होते. भारी हात हातात असताना समोरची गर्दी कमी करण्याचे खरे कारण हे. ‘एक्के फुटतात’ ही भीती चिप्सच्या हिशेबात टिकत नाही, बक्षिसांच्या हिशेबात टिकते.

गर्दी कमी करण्याचे हत्यार म्हणजे रेझचा आकार. ब्लाइंड २००-४००, अँटी ४००. पुढचे तिघे रेझ न करता नुसते ४०० टाकून आत आले. प्रत्यक्ष टेबलावर, विशेषतः कमी शुल्काच्या स्पर्धेत, हे दृश्य रोजचे आहे. मध्ये २,२०० जमले आहेत आणि शेवटच्या जागेवरच्या खेळाडूला एक्के आले आहेत. त्याने सवयीने तिप्पट, म्हणजे १,२०० केले, आणि ब्लाइंडवाले दोघे बाहेर पडले, तर पहिल्या कॉलवाल्याला ८०० टाकून ३,४०० जिंकायची संधी मिळते. त्याला १०० पैकी १९ वेळा जिंकले तरी पुरते. एकाच रंगाची अठ्ठी-सत्ती एक्क्यांविरुद्ध २३ टक्के वेळा जिंकते. म्हणजे रेझ करूनही एक्केवाल्याने त्याला परवडणारा भाव दिला. पहिल्याने कॉल केला, की दुसऱ्याला तोच सौदा आणखी स्वस्त पडतो, आणि चौघे फ्लॉप, म्हणजे पहिली तीन सामाईक पाने, पाहतात. आता तोच रेझ तिप्पट अधिक प्रत्येक कॉलवाल्यामागे एक, असा सहापट, २,४०० केला, तर पहिल्याला २,००० टाकून ४,६०० जिंकायचे आहेत. हवी असलेली शक्यता ३० टक्के, पानांची ताकद २३. तरीही प्रत्यक्ष टेबलावर कॉल येतोच, पण तो एकाचा येतो, आणि त्याने महाग घेतलेला असतो.

राजांच्या जोडीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यावर मात करणारी एकच जोडी आहे. नऊ जणांच्या टेबलावर राजे असताना आठांपैकी कुणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता ३.९ टक्के. राजे येणे आणि त्याच डावात समोर एक्के असणे हा योग सुमारे ५,६५० डावांत एकदा येतो, म्हणजे २५० डावांचे २२-२३ दिवस. सांगितला मात्र याहून बराच जास्त वेळा जातो.

खरा निर्णय समोरच्याने किती रेझ केले यावर नसून तो कोणत्या पानांवर ते करतो यावर असतो. पहिल्याने रेझ केला, राजेवाल्याने त्यावर रेझ केला, पहिल्याने पुन्हा सगळे लावले. समजा, तो हे एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा यांवर करतो. हातात दोन राजे असल्याने समोरच्याचे उरलेले प्रकार असे : एक्के ६, राजे १, राण्या ६, एक्का-राजा ८. एकूण २१. एक्क्यांविरुद्ध राजे १८ टक्के जिंकतात, राण्यांविरुद्ध ८२, एक्का-राजाविरुद्ध ६९. गोळाबेरीज ५७ टक्के. आता समोरचा खेळाडू एक्का-राजावर एवढे पैसे लावणारा नाही असे धरले, तर प्रकार १३ उरतात आणि राजांची ताकद ५० टक्क्यांवर येते. तो राण्याही बाजूला ठेवतो असे धरले, तर प्रकार ७, ताकद २३. पाने तीच, टेबल तेच. सहा तास फक्त फोल्ड करणाऱ्या आणि आता पहिल्यांदा चिप्स पुढे ढकलणाऱ्या गृहस्थासमोर ५७ चा आकडा वापरणे म्हणजे हिशेबच न करणे. संगणकावर हे गृहस्थ दिसत नाहीत. प्रत्यक्ष स्पर्धेत ते शेजारी बसलेले असतात.

खालच्या जोड्यांचे भवितव्य फ्लॉपवर ठरते. राजांच्या जोडीला फ्लॉपवर एक्का दिसण्याची शक्यता २३ टक्के. राण्यांना एक्का किंवा राजा दिसण्याची ४१. गुलामांना वरचे एखादे पान दिसण्याची ५७. दश्श्यांना ६९. राणी आणि गुलाम यांच्यामध्ये पन्नाशीची रेघ आहे, आणि गुलामांची जोडी हातात आलेल्याचा चेहरा का पडतो हे त्यात आले. एक्का-राजा हे जोडीच नसलेले हात. त्यांना फ्लॉपवर एक्का किंवा राजा मिळण्याची शक्यता ३२ टक्के, म्हणजे तीनपैकी दोनदा हाती काही लागत नाही. वेगळ्या रंगांचा एक्का-राजा राण्यांविरुद्ध ४३ टक्के, एकाच रंगाचा ४६. त्याची किंमत दुसरीकडे आहे : हातात एक्का आणि राजा असल्याने समोर एक्क्यांची किंवा राजांची जोडी असण्याचे प्रकार १२ वरून ६ वर येतात. म्हणून तो आधी लावायला चांगला आणि नंतर कॉल करायला वाईट. समोर फक्त एक्के, राजे किंवा राण्याच असू शकतात अशी खात्री असेल, तर त्याची ताकद ३१ टक्के उरते.

मोठी आघाडी घेऊनही टिकण्याची हमी नसते, कारण आघाडी पुन्हा पुन्हा पणाला लावावी लागते. ८२ टक्के शक्यतेने पाच वेळा ऑल-इन गेले, तर पाचही जिंकण्याची शक्यता ३७ टक्के. दर वेळी समोरच्याकडे आपल्याएवढ्या किंवा जास्त चिप्स असतील, तर पाचांपैकी एक हार पुरते. मोठ्या स्टॅकवाल्याला तीच हार फक्त महागात पडते. म्हणून ८२ टक्क्यांचा अर्थ दोघांसाठी वेगळा होतो.

एक्क्यांची जोडी पाहून फोल्ड करणे हा बहुतेकांना विनोद वाटतो. सॅटेलाइटमध्ये तो हिशेब असतो. सॅटेलाइट म्हणजे जिथे बक्षीस म्हणून मोठ्या स्पर्धेची प्रवेशिका मिळते, आणि सगळ्यांना सारखीच. समजा, प्रवेशिका १०, खेळाडू उरले ११, सगळ्यांचे स्टॅक सारखे. प्रत्येकाची शक्यता ९०.९ टक्के. कुणीतरी ऑल-इन केले. एक्के घेऊन कॉल केला, तर समोर कोणतीही पाने असोत, ८५ टक्के वेळा प्रवेशिका मिळते. फोल्ड केला, तर भरलेला ब्लाइंड जातो आणि शक्यता ९०च्या आसपास राहते. कॉल करणाऱ्याचे सुमारे पाच टक्के नुकसान. पहिला आला काय आणि दहावा आला काय, प्रवेशिका एकच. २००३ चा विजेता ख्रिस मनीमेकर असाच ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून मेन इव्हेंटमध्ये आला होता.

गोव्यातल्या खेळाडूच्या हिशेबात आणखी एक ओळ आहे, जी पत्त्यांत नाही. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर भारतात ३० टक्के प्राप्तिकर आहे, अधिभार आणि उपकर वेगळे, आणि खर्चाची वजावट मिळत नाही. समजा, २०,००० रुपयांच्या दहा स्पर्धा खेळल्या. खर्च २ लाख. नऊ कोरड्या गेल्या, एकीत अडीच लाख मिळाले. करापूर्वी ५०,००० चा नफा. कर ७५,०००. हातात २५,००० चा तोटा. वर्षभर पानांचे गणित अचूक सांभाळणाऱ्यांतले बरेच जण हे गणित मार्चमध्ये करतात.

अपवादांकडे येऊ, कारण लोकांच्या लक्षात तेच राहतात. २०१७ च्या मेन इव्हेंटमध्ये व्हेनेसा सेल्ब्स्टला पहिल्याच लेव्हलमध्ये एक्के आले, फ्लॉपवर तिसरा एक्का आला. समोर गाएल बॉमनकडे सत्त्या होत्या, आणि फ्लॉपवर तिसरी सत्तीही आली. दोन जोड्या समोरासमोर असताना दोघांनाही फ्लॉपवर तिसरे पान मिळण्याची शक्यता १.०४ टक्के. टर्नला, म्हणजे चौथ्या सामाईक पानाला, चौथी सत्ती आली : उरलेल्या ४५ पानांत ती एकच होती, म्हणजे २.२ टक्के. ५०,००० चिप्सचा पूर्ण स्टॅक पहिल्या लेव्हलमध्ये गेला. २०१४ मध्ये १० लाख डॉलर प्रवेशशुल्काच्या बिग वन फॉर वन ड्रॉप स्पर्धेत कॉनर ड्रिनन आणि कॅरी कॅट्झ दोघांकडे एक्के होते. असा डाव ९५.६५ टक्के वेळा बरोबरीत सुटतो आणि प्रत्येकाला जिंकायला २.१७ टक्के उरतात. खाली बदामाची चार पाने आली, बदामाचा एक्का कॅट्झकडे होता. ड्रिनन स्पर्धेबाहेर गेला.

आणि मेन इव्हेंटचे शेवटचे डाव. १९७६ आणि १९७७ मध्ये डॉयल ब्रन्सन दोन्ही वेळा दश्शी-दुर्रीवर जिंकला. १९७९ मध्ये बॉबी हॉफकडे एक्के होते, हाल फाउलरने छक्का-सत्तीवर क्रमवार पाच पाने लावून ते हरवले. २००३ मध्ये पंजा-चौकी, २००५ मध्ये सत्ती-तिर्री, २०२४ मध्ये जोनाथन तामायोची अठ्ठी-तिर्री. २०१९ मध्ये राजांची जोडी जिंकली, म्हणजे भारी हातही कधीतरी शेवटपर्यंत येतात. पण शेवटच्या डावात टेबलावर दोघेच असतात. दर दोन डावांना अडीच बिग ब्लाइंड भरावे लागतात, म्हणजे डावामागे सव्वा. त्या दराने ३४ भारी हातांपैकी एकाची वाट पाहायला ४९ बिग ब्लाइंड लागतात आणि एक्क्यांची वाट पाहायला २७६.